दम कुठं अडला?

पावसाची भुरभुर रात्री साडेअकराला थांबली. पानं निथळली की लगेच औषध मारायचं, असं आबांनी संध्याकाळीच ठरवलं होतं. ऑक्टोबर छाटणी होऊन वीस दिवस झाले होते, घड नुकते पानाआडून दिसायला लागले होते. पलूस-तासगाव पट्ट्यातल्या द्राक्षवाल्याचे हे दिवस कसे जातात ते त्यालाच ठाऊक. पान रात्रभर ओलं राहिलं की डाऊनी हा बुरशीचा रोग शिरतो, आणि तो कोवळ्या घडावर उतरला तर पुढचं वर्ष कर्ज फेडण्यात जातं.

अडीच वाजता ट्रॅक्टर सुरू केला. २७ हॉर्सपॉवरचा, बागेच्या ओळींत फिरणारा लहान ट्रॅक्टर आणि मागे ब्लोअर. पहिली टाकी बिनबोभाट गेली. दुसऱ्या टाकीच्या सहाव्या ओळीत इंजिनाचा आवाज जड झाला. ब्लोअरच्या पंख्याची शिट्टी उतरत गेली आणि बॅटरीच्या उजेडात मला दिसलं, फवारा वेलीच्या आत शिरतच नाहीये, बाहेरच्या पानांवरून ओघळतोय. ज्यावर पंखा चालतो तो ट्रॅक्टरमागचा पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरला तर पंखा हवा नीट फेकतो, आणि त्या हवेच्या जोरावर बारीक थेंब पानाच्या खालच्या बाजूला पोचतात. डाऊनीची पांढरी बुरशी धरते ती पानाच्या खालच्या बाजूलाच. म्हणजे इंजिन पडलं की औषध वाया, डिझेल वाया आणि रात्रही वाया.

आबांनी रेस शेवटपर्यंत ओढली, फरक पडला नाही. ट्रॅक्टर बंद करून पाच मिनिटं थांबलो, पुन्हा चालू केला, तर गडी ठणठणीत. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. उजाडेपर्यंत जेमतेम निम्मी बाग झाली होती.

पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही जे केलं ते बहुतेक घरांत होतं. दोन्ही डिझेल फिल्टर बदलले. एअर काढली. एका ठिकाणाहून नोझल तपासून आणले, दुसऱ्या ठिकाणी पंप उतरवून कॅलिब्रेट करून घेतला. पंप परत बसवल्यावर ट्रॅक्टर पहिल्यापेक्षा जोरात ओढायला लागला, धूर मात्र काळा मारू लागला. आम्हाला वाटलं, जमलं. बागेत नेला, वीस मिनिटं झाली आणि आवाज जड झाला. तोवर पंधरा हजारांच्या वर रुपये गेले होते आणि आबांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

मग चुलत्यांनी तासगाव रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव काढलं. ते आले, ट्रॅक्टरला हात न लावता बांधावर बसले. पान्यांची पिशवी गाडीच्या हँडलला तशीच लटकत राहिली. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या.

"किती वेळानं पडतो, दादा? पडल्यावर किती वेळात उठतो? आन् पडताना धूर कसा असतोय?"

पहिल्याचं उत्तर आम्हाला माहीत होतं. दुसऱ्याचं अंदाजाने दिलं. तिसऱ्याकडे आम्ही कधी बघितलंच नव्हतं.

त्या दिवसानंतर वर्षभर मी या रस्त्यावरच्या गॅरेजांत, सांगलीतल्या पंप-नोझलच्या दुकानांत, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर थांबतात त्या चहाच्या टपऱ्यांवर बसत आलो आहे. ताकद गेलेल्या ट्रॅक्टरची तक्रार घेऊन येणारा शेतकरी काय सांगतो आणि चांगला मिस्त्री काय ऐकतो, हे मला समजून घ्यायचं होतं. शेतकरी म्हणतो, ओढत नाही, दम धरत नाही, चढाला बसतो. ही सगळी एकाच दुखण्याची नावं आहेत आणि त्याची कारणं मोजायला बसलं तर वीसेक सहज निघतात. यातली निम्म्याहून अधिक कारणं पान्याशिवाय किंवा एका पान्यात दूर होतात. तरीही सगळ्यात आधी पंप उतरतो. या लेखाला बसलो तो ही गोष्ट मला बोचत राहिली म्हणून.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, तिचं तापमान ५०० अंशांच्या वर जातं आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटला की तो आपोआप पेटतो. हवा पुरेशी, डिझेल पुरेसं, दाब पुरेसा आणि फवारा वेळेवर, एवढं जमलं की ताकद. यातलं एक जरी ढळलं तरी इंजिन लगेच बंद पडत नाही. रिकामं उभं असताना ते छान चालतं, गावातून फेरी मारून आणलं तरी कळत नाही. नांगर मातीत उतरला की मग उघडं पडतं. म्हणून गॅरेजच्या दारात उभा असलेला ट्रॅक्टर बघून निदान करणाऱ्यावर मी आता विश्वास ठेवत नाही. मध्य प्रदेशातल्या बुधनीला केंद्र सरकारची शेतीयंत्रं तपासणारी संस्था आहे, तिथे पीटीओला डायनामोमीटर जोडून ट्रॅक्टरवर मोजका भार टाकतात आणि ताकद आकड्यात मिळते. आपल्या गावात डायनामोमीटर म्हणजे भरलेली ट्रॉली आणि ओळखीचा चढ. रोज त्याच चढाला तिसऱ्या गिअरमध्ये जाणारा ट्रॅक्टर एक दिवस दुसरा मागू लागला, तर तो आकडाच समजायचा.

हवेचं गणित सांगितलं की अजून लोक अविश्वासाने बघतात. एक लिटर डिझेल पुरतं जळायला साधारण दहा हजार लिटर हवा लागते. रोटाव्हेटरवर असलेला चाळीसच्या आसपासचा ट्रॅक्टर तासाला सहा-सात लिटर डिझेल खातो. म्हणजे तासाला साठ-सत्तर हजार लिटर हवा, तीही कशी, तर मे महिन्यात वाळलेल्या काळ्या रानातून उठणाऱ्या धुळीतली. ती गाळायला आपल्याकडच्या असंख्य ट्रॅक्टरांवर ऑइल बाथ एअर क्लीनर असतो. खाली तेलाची वाटी, वर जाळी. धूळ तेलात बसते आणि हळूहळू त्या तेलाचा चिखल होतो. धुळीच्या कामात ही वाटी रोज उघडून बघायची असते, पण ती उघडते दिवाळीच्या धुण्याला. वाटीत तेल खुणेपेक्षा जास्त ओतलं तरी घात होतो, कारण चढउतारावर तेच तेल आत ओढलं जातं आणि इंजिनात जळू लागतं. कमी असलं तर धूळ थेट लायनरवर. रिंगा आणि लायनर घासले की दाब गेला, आणि तो परत आणायचा म्हणजे इंजिन उतरवून पूर्ण काम. एका मिस्त्रीने मला सांगितलेली खूण साधी आहे. चालू इंजिनाच्या ब्रीदरच्या नळीवर तळहात धरायचा. हलकी वाफ लागली तर ठीक, भक्‌भक् हवा ढकलत असेल तर रिंगांनी साथ सोडली.

हवा आत येते तशी बाहेरही जावी लागते. पावसाळाभर शेडमध्ये उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये गांधीलमाशांनी घर केलेलं मी स्वतः पाहिलं. मालकाने त्याआधी टॅपेट सेट करून घेतले होते.

धुराबद्दल गॅरेजांत सगळ्यांचं एकमत आहे की तो खोटं बोलत नाही, फक्त त्याची भाषा यायला हवी. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, मग ती एअर क्लीनर तुंबल्याने असो, नोझल थुंकत असल्याने असो, किंवा छोट्या ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर बांधल्याने असो. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनातून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय, टायमिंग किंवा दाब बघा. आणि ताकद नाही पण धूरही नाही, ही चौथी अवस्था लोकांच्या नजरेतून सुटते, कारण तिथे बघण्यासारखं काही दिसत नाही. इंजिनापर्यंत डिझेलच पोचत नाहीये, हे तीच सांगत असते.

भाराविषयी थोडं कडक बोलायला हवं. पलीकडच्या गल्लीतल्या पाहुण्याने सहा फुटी रोटाव्हेटर घेतला म्हणून आपणही घ्यायचा आणि तो पस्तीसच्या ट्रॅक्टरला जोडायचा, मग ताकद गेली म्हणून मिस्त्रीकडे जायचं, असे ट्रॅक्टर मी वर्षभरात किती पाहिले ते मोजायचं सोडून दिलं. कारखान्याच्या हंगामात तर दोन ट्रॉल्या भरभरून लावल्या जातात. तिथे इंजिनाआधी क्लच जातो. ओळखायला सोपं आहे: इंजिनाचा आवाज चढाच राहतो पण ट्रॅक्टर मागे पडतो, आणि जळका वास येतो. इंजिनाचा आवाजच उतरत असेल तर दोष इंजिनाच्या बाजूला. एवढा एक फरक कानाने केला तरी अर्धे चुकीचे खर्च वाचतील. उसाच्या पाचटाचा आणि भुश्श्याचा थर रेडिएटरच्या जाळीवर बसून इंजिन तापतं आणि दम सोडतं, तेही याच हंगामात. दर फेरीला हाताने झाडलं की भागतं.

या भागात इंजिनाची जाण आली ती ट्रॅक्टरच्या बरीच आधी. १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर तिथून गावोगाव गेला. लोखंडाने जमीन विषारी होईल म्हणून त्या नांगराला शेतकरी हात लावत नसत, ही गोष्ट आमच्याकडे आजही सांगतात. पुढे विहिरींवर ऑइल इंजिनं आली आणि मोटेची जागा घेतली. आजचे सत्तरीतले मिस्त्री त्या इंजिनांवर शिकले. एकच सिलिंडर, मोठं चाक, ठोक्याठोक्यात दोष ऐकू येणार. १९६३ मध्ये महिंद्रांनी इंटरनॅशनल हार्वेस्टरशी करार केला, १९७४ मध्ये दुर्गापूरच्या प्रयोगशाळेत आखलेला स्वराज पंजाबातून बाजारात आला, आणि विहिरीवरचा मिस्त्री रस्त्यावर येऊन ट्रॅक्टरचा मिस्त्री झाला. कान तेच राहिले.

पंप मात्र त्यांनी कधी उघडला नाही. पंप हे वेगळं घराणं आहे. लोक अजून त्याला मायको पंपच म्हणतात, जरी त्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं. नाशिकला सातपूरच्या कारखान्यात याच कंपनीची नोझलं बनतात आणि शहरातल्या एका चौकाला मायको सर्कल हे नाव चिकटलं आहे. पंपाच्या आत जो एलिमेंट असतो, म्हणजे प्लंजर आणि त्याचं बॅरल, त्या दोघांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस त्याच्या वीसपट जाड. म्हणून पंपाच्या खोल्यांना काचेचं दार असतं, आत चप्पल काढून जायचं, आणि टेबलावर धुतलेलं मलमलीचं फडकं. सांगलीतल्या अशा एका खोलीत मी दोन दुपारी बसलो. तिथल्या कारागिराने सांगितलं की त्याच्याकडे येणाऱ्या पंपांपैकी बरेच चांगले असतात. लोकांनी सांगितलं म्हणून तो ते तपासतो आणि परत पाठवतो. पाणी गेलेला पंप त्याने उघडून दाखवला. प्लंजरवर आरशासारखी चकाकी हवी, तिथे तांबूस डाग आणि उभे ओरखडे. हंगामात कॅनने डिझेल आणायचं, कॅन उघड्यावर ठेवायचा, टाकी रात्री अर्धी रिकामी सोडायची म्हणजे थंडीत आत वाफ धरून पाणी साचतं. फिल्टरच्या खालचा बोल्ट आठवड्याला सैल करून ते पाणी सोडलं असतं तर हा पंप वाचला असता.

आता परत आमच्या बांधावर.

मिस्त्रींनी विचारलेल्या दुसऱ्या प्रश्नात सगळी मेख होती. काही वेळाने ताकद जाते आणि थांबल्यावर परत येते, असं करणारे मुख्य दोष तीन. टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारं बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की डिझेल खाली जाताना टाकीत पोकळी तयार होते आणि डिझेल यायचं थांबतं. अशा वेळी झाकण उघडलं की सुस्कारा ऐकू येतो आणि इंजिन तिथल्या तिथे उठतं. दुसरा दोष झिजलेल्या एलिमेंटचा. गरम झालेलं डिझेल पातळ होतं आणि त्या झिजलेल्या फटीतून मागे निसटतं. तो ट्रॅक्टर पाच मिनिटांत उठत नाही, पुरता थंड व्हावा लागतो, आणि गरम असताना स्टार्टही जड घेतो. तिसरा दोष टाकीतल्या कचऱ्याचा. डिझेल जोरात ओढलं जात असताना कचरा वाहत येऊन टाकीच्या तोंडाशी बसतो, ओढ थांबली की सुटून बाजूला होतो. तो ट्रॅक्टर मिनिट-दोन मिनिटांत उठतो, मग इंजिन कितीही गरम असो.

तिन्ही दोष शेतकऱ्याच्या तोंडून एकाच वाक्यात येतात: गरम झाल्यावर पडतोय. आम्हीही तेच वाक्य दोन्ही ठिकाणी सांगितलं होतं. गरम झाल्यावर म्हटल्यावर ऐकणाऱ्याने पंप धरला. त्यांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही, आम्ही त्यांना घड्याळातली वेळ सांगितलीच नव्हती.

मिस्त्री म्हणाले, "लावा कामाला. मी धूर बघतो."

रिकाम्या ओळीत साध्या पाण्याची टाकी भरून ब्लोअर चालवला. सुरुवातीला काळा धूर, वाढवलेल्या पंपाचा. अठराव्या मिनिटाला आवाज उतरायला लागला. मिस्त्रींनी माझा दंड धरून वर बोट दाखवलं. सायलेन्सरच्या तोंडावरचा धूर विरळ होत होता. आवाज जड आणि धूर स्वच्छ. "बघा," ते म्हणाले, "खायला न्हाई त्याला." आबांनी झाकण उघडलं, सुस्कारा आला नाही, इंजिन उठलं नाही. बंद करून मी मोबाइलवर वेळ लावली. दीड मिनिटाने चालू केला, पूर्ण दम.

तेव्हा पहिल्यांदा पिशवीतून पाना निघाला, चौदा-पंधराचा. कॉकच्या खालची नळी सोडून मिस्त्रींनी डिझेल थेट स्वच्छ डब्यात सोडलं. करंगळीएवढी सलग धार. आम्ही तिघं त्या धारेकडे बघत उभे. दोनेक लिटर पडलं असेल, धार एकदम बारीक झाली, मग नुसती ठिबकू लागली. मिस्त्रींनी खालून नळीत फुंकर मारली, टाकीत बुडबुडा वाजला आणि धार पुन्हा भरली. टाकी रिकामी करून, कॉक काढून, आत बॅटरी मारली. तळाला थोडा गंज, थोडा शेवाळासारखा चिकट गाळ, आणि त्यात पारदर्शक प्लॅस्टिकचा रुपयाएवढा तुकडा. डिझेलच्या कॅनच्या बुचाखाली असतो तो पातळ पडदा. तो कधीतरी ओतताना आत पडला होता. डिझेलमध्ये हा तुकडा डोळ्याला दिसतसुद्धा नव्हता.

टाकी धुतली, नरसाळ्याला जाळी बांधली, नळ्या जोडल्या. जोडताना मिस्त्रींनी प्रत्येक बँजो बोल्टचे कॉपर वॉशर नवे घातले, कारण जुना दबलेला वॉशर डिझेल गळू देत नाही पण हवा आत घेतो, आणि मग आठ दिवसांनी नवी तक्रार. हँड प्राइमर दाबून एअर काढली, बुडबुडे संपून सलग डिझेल येईपर्यंत. सगळं मिळून दीड तास. मजुरी त्यांनी सांगितली त्यापेक्षा जास्त आबांनी हातावर ठेवली तर त्यातले जादाचे त्यांनी परत केले.

५० हॉर्सपॉवरच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून त्यांत कॉमन रेल आलं आहे. तिथे डिझेल हजार बारच्या वरच्या दाबाने धावतं आणि किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. जुन्या इंजिनावर मिस्त्री एकेका सिलिंडरच्या पाइपचा नट किंचित सैल करून बघतात, कोणता सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करत नाही. कॉमन रेलवर हे चुकूनही करू नये, ती धार कातडी फोडून आत जाते आणि हात गमावण्याची वेळ येते. जुन्या पंपाच्या पाइपलाही हात आडवा धरायचा नाहीच. सांगलीतल्या एका कंपनी वर्कशॉपमधला तरुण फिटर लॅपटॉप लावून मला रेलमधला दाब दाखवत होता. भारावर दाब कोसळतोय, एवढं त्या आकड्यातून कळतं. मी त्याला विचारलं, यापुढे काय करतोस? "आधी टाकीचं झाकण उघडतो, सर," तो म्हणाला. आय.टी.आय.ला शिकवलं का? नाही, त्याच्या मामाचं गॅरेज आहे, विट्याला.

आमच्या ट्रॅक्टरचं एक काम राहिलं होतं. दोष डिझेलच्या वाटेवर असताना पंपाची मात्रा वाढवली गेली होती, म्हणून तो काळा धूर. आबा म्हणत होते, राहू दे, ओढतोय चांगला. मिस्त्री ऐकेनात. जादा डिझेल पुरतं जळत नाही, नोझलवर आणि पिस्टनवर काजळी धरते, ऑइल पातळ होतं, आणि दोन वर्षांनी तोच ट्रॅक्टर रिंगांसाठी उघडावा लागतो, असं त्यांनी आबांना बांधावर बसून दोनदा समजावलं. मग पंप पुन्हा उतरला आणि त्या काचेच्या दारामागे गेला. मूळ आकड्यावर मात्रा बसवून कारागिराने स्क्रूला तार ओवली, शिशाचं सील चिमट्याने दाबलं आणि पंप कापडात गुंडाळून माझ्या हातात दिला.

त्या रात्री पुन्हा भुरभुर आली. तीन वाजता आम्ही बागेत होतो. सहाव्या ओळीला आबांनी मागे वळून पंख्याकडे पाहिलं, मग सातवीत वळले.